तळाचं पांढरं पीठ

अर्ध्या माशांचे खवले काढून झाले होते, अर्धे मासे पाटीत तसेच पडले होते. सुरी चालेना म्हणून तेरेतिया धार लावायचा दगड घ्यायला स्वयंपाकाच्या खोपीमागे गेली आणि तिथेच थबकली. कुंपणाच्या काड्यांवर सहा छोट्या बाटल्या उलट्या टांगल्या होत्या, अगदी एका ओळीत. त्यांची झाकणं खाली पांढऱ्या फडक्यावर मांडलेली. वाऱ्याबरोबर ब्लीचचा वास येत होता.

त्या बाटल्या तिने काल बंद पिशवीत ठेवल्या होत्या. आज दुपारी गावातल्या विहिरींचं पाणी त्यांत भरून दुसऱ्यांदा तपासायचं होतं.

"आई, या बाटल्या कुणी काढल्या?"

तिच्या सासूबाई, बिनाता, दारात बसून नारळ खवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मीच. धुवून टाकल्या. अगं, प्रत्येकीच्या तळाला पांढरं पीठ चिकटलेलं. ते पाणीखात्याचे लोक काहीही गळ्यात मारतात तुझ्या."

"ती घाण नव्हती, आई."

"घाण नव्हती तर काय, पावडर लावून आल्या होत्या नटून? मागच्या खेपेलाही तसंच होतं. तेव्हाही मीच धुतल्या."

तेरेतियाने सुरी खाली ठेवली. हात माशांच्या खवल्यांनी भरलेला होता, तो तिने तसाच पोटाशी धरला. "मागच्या खेपेला म्हणजे कधी?"

"सोमवारी. तू तिआनाला आंघोळ घालत होतीस. ब्लीचमध्ये बुडवल्या, वरून पाणी मुद्दामच घातलं नाही. विहिरीच्या पाण्याने परत कशाला बाटवायच्या? निथळल्या, झाकणं लावली, पिशवीत भरल्या आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवून टाकलं. तुला कळलंसुद्धा नाही." हे शेवटचं वाक्य बिनाता हसून बोलल्या. आपल्या हातचं काम कुणाच्या लक्षात येऊ नये, यातच त्यांना धन्यता वाटायची. चर्चमधल्या वेदीची वस्त्रं आणि प्याले गेली बावीस वर्षं त्याच धूत होत्या. त्यांनी धुतलेल्या कापडावर फादरनासुद्धा कधी डाग सापडला नव्हता.

ते पांढरं पीठ पाण्यातलं क्लोरीन मारण्यासाठी असतं. पाण्यात ब्लीचसारख्या औषधाचा अंश राहिला, तरी पाण्यातले जंतू तपासणीपर्यंत जिवंत राहावेत म्हणून कारखान्यातून ते घालूनच येतं. ते पीठ धुऊन टाकायचं आणि वर ब्लीचचे थेंब ठेवायचे, म्हणजे कुठल्याही विहिरीचं पाणी भरा, जंतू बाटलीतच मरणार.

आणि तसंच झालं होतं. सोमवारच्या सहाच्या सहा बाटल्यांत शून्य जंतू.

चर्चची विहीर डुकरांच्या खोपटांपासून वीस पावलांवर. चार महिने पाऊस नाही, पत्र्याच्या पन्हळीखालच्या टाक्या ठणठणीत कोरड्या, सगळं गाव विहिरीवर आलेलं. अशा पाण्यात शून्य जंतू? तेव्हाच शंका यायला हवी होती. आली होतीही, खरं सांगायचं तर. पण शून्य बघून तिला इतकं बरं वाटलं होतं, की शंकेला तिने आत येऊच दिलं नाही. वहीत 'बाटल्या तपासल्या' असं लिहून, खाली सही करून ती मोकळी झाली होती. एकही बाटली उजेडात धरून पाहिली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी तिचे सासरे बाउरो यांनी मनेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, उभं राहून सांगितलं होतं, "आमच्या सुनेने पाणी तपासलं. चर्चच्या विहिरीचं पाणी निर्मळ आहे." तेव्हापासून गावाने पाणी उकळणं सोडलं होतं. जळण कुठे होतं म्हणा. आणि रविवारी चर्चचा वाढदिवस. तीन गावांची चारशे माणसं येणार, त्यांचं सरबत त्याच विहिरीच्या पाण्याचं.

आज गुरुवार होता.

तेरेतिया चौतीस वर्षांची. अकरा वर्षं शाळेत गणित शिकवून मग पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर पदवीसाठी ती फिजीला, सुव्याला गेली. नवरा जहाजावर, मुलगी तिआना तेव्हा दोन वर्षांची. गावातल्या बायका म्हणायच्या, "विहीर उपसायला पदवी लागते होय गं आताशा?" कुणी तिला 'पाण्याची मास्तरीण' म्हणायचं. तेव्हा बिनातांनी तिआनाला कडेवर घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तू जा. हिला मी बघते. माझ्याकडे राहून पोर सुकायचं नाही." दीड वर्ष त्यांनी त्या पोरीला सांभाळलं. रोज संध्याकाळी जपमाळ करताना सुनेच्या परीक्षेचं नाव घेऊन एक मणी जास्त ओढला. आता त्याच पदवीच्या प्रबंधासाठी तेरेतिया गावातल्या विहिरींचं पाणी तपासत होती.

सुव्यात पहिल्याच दिवशी तिच्या मार्गदर्शक लोसालिनी मॅडम वर्गाला म्हणाल्या होत्या, "आकडेमोड कुणीही करेल. तुमच्या सहीवर विश्वास ठेवून लोक पाणी पितात, एवढं लक्षात ठेवा." तेव्हा तेरेतियाने ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं.

"आई, तिआना कुठाय?"

"खेळतेय. सकाळपासून दोनदा जाऊन आली बाहेर. काल पपई जास्त खाल्ली असेल."

तेरेतिया धावत समोरच्या अंगणात गेली. तिआना सावलीत आडवी पडून शिंपले मोजत होती. कपाळ गरम नव्हतं. की होतं? स्वतःचाच हात थंड पडलेला, त्याला काय कळणार. पोरीच्या शेजारी पत्र्याचा पेला होता, अर्धा प्यालेला. तेरेतियाने तो उचलून वाळूत उपडा केला.

"माझं पाणी," तिआना म्हणाली.

"दुसरं देते. उकळून."

तिने मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कोरड्या महिन्यांचे तुझे सगळे आकडे गेले," त्या म्हणाल्या. "प्रबंध या सत्रात होणार नाही. ते नंतर बघू. पाणी चांगलं आहे हे तू कुणाला सांगितलंयस का?"

"सगळ्या गावाला."

"मग फोन ठेव आणि गावाला सांग."

सांगायचं कसं, हाच तर प्रश्न होता. मनेआबात प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली, आणि त्या जागेवरून बोलतो तो घरातला वडीलधारा. तरुण सुना मागे बसतात, पाय दुमडून, खाली बघत. तिच्या वतीने बोलायचं ते बाउरोंनी. आणि बाउरो बोलणार म्हणजे काय बोलणार? की माझ्या बायकोने, वेदीचे प्याले धुणाऱ्या बिनाताने, पाण्याबाबत गावाला फसवलं?

आधी तिने सासूबाईंना सांगितलं. सोप्या शब्दांत, एक एक करून, स्वतःच्या सहीसकट. बिनातांचा खवणीवरचा हात थांबला. त्यांनी कुंपणावरच्या बाटल्यांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"म्हणजे जंतू मी मारले."

"बाटलीतले. विहिरीतले तसेच आहेत."

"आणि पोरगी?"

"माहीत नाही, आई."

बिनाता उठल्या. पाटीतले राहिलेले मासे त्यांनी ओढून घेतले आणि त्या भराभर खवले काढायला लागल्या. इतक्या जोरात, की खवले त्यांच्या केसांत उडत होते.

बाउरो दुपारी मासेमारीची जाळी आवरून आले. त्यांनी ऐकलं, दाढी खाजवली. "हे बघ पोरी, मी सांभाळतो. सांगतो की पाण्यातले जंतू उबवून मोजायची तुझी ती पेटी बिघडली होती. यंत्र आहे, बिघडतं. कुणाचंच नाव घ्यायला नको. पाणी उकळलं म्हणजे झालं ना?"

तेरेतियाने मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते तिलाच कळलं नाही. वाट चांगली होती. सासूबाईंची लाज राहत होती, तिचीही. पण पेटी बिघडली म्हटलं तर पुढच्या वेळी पेटी जे सांगेल त्यावर कोण विश्वास ठेवणार? पुढच्या वेळी ती म्हणेल पाणी वाईट आहे, आणि म्हातारे म्हणतील, परत बिघडली वाटतं मास्तरणीची पेटी. मग ते पाणी पितील. मामंजींना हे सांगावं असं वाटत असूनही, त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत तिला होईना.

तीन वाजता रविवारची कामं वाटायला मनेआबा भरला. तेरेतिया बाउरोंच्या मागे बसली, तिआनाला मांडीवर घेऊन. पोर सुस्तावलेली होती. तिचा प्रत्येक उसासा तेरेतियाच्या काळजात जात होता. समोर सर्वांत वयस्क तेबुआई भिंतीसारखे ताठ बसले होते. उकळायची भांडी लागणार नाहीत, असं ते हिशेब करून सांगत होते. "देवाने या वर्षी जळण वाचवलं," ते म्हणाले. "आणि बाउरोच्या सुनेने."

बाउरो खाकरले. "त्याबद्दलच बोलायचंय. सुनेचं ते यंत्र, म्हणजे ती पेटी..."

तेरेतियाने डोळे मिटले. ओठांशी प्रार्थना आली, पण ती कशासाठी करावी ते तिला सुचेना.

"पेटी ठीक आहे," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. बिनाता गुडघ्यांवर उभ्या होत्या. बायकांच्या ओळीतून, न विचारता, नवऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तोडून. असं त्या छपराखाली कुणी पाहिलं नव्हतं.

"अगं," बाउरो पुटपुटले, "खाली बस."

"बसते. आधी बोलू द्या. तपासायच्या बाटल्या मी धुतल्या. ब्लीचने. हिला न विचारता. म्हणून पाणी निर्मळ निघालं. तिने न बघता सही केली ते तिचं, पण धुतल्या मी. वेदीचे प्याले धुते तशाच धुतल्या. विहिरीचं पाणी कसंय ते आज कुणालाच माहीत नाही. माझी नात सकाळपासून तीनदा गेलीये."

कुणीतरी कुजबुजलं. पलीकडच्या घराण्याच्या जागेवरून एक बाई हळूच म्हणाली, "आमचाही धाकटा कालपासून." मग आणखी एक आवाज. तेरेतिया मोजत होती. तीन. चार.

तेबुआई बिनातांकडे वळले. मग म्हणाले, "बिनाता, तुझ्या हाती दिलं तर तू खाजणसुद्धा ब्लीचने धुशील." दोघंतिघं हसले, आणि ते हसणं लगेच विरलं. "पाणी उकळा. आजपासून, सगळं. जळण नसेल तर माझी जुनी होडी फोडा. रविवारचंही उकळूनच." मग ते बाउरोंच्या खांद्यावरून थेट तेरेतियाकडे बघून बोलले, आणि हीसुद्धा त्या छपराखाली नवी गोष्ट होती. "तू परत तपास. काय निघेल ते आम्हाला सांग. तूच सांग."

घरी आल्यावर बिनातांनी उकळलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून तिआनाला चमच्याचमच्याने पाजलं. तेरेतिया शेजारी बसून पोरीचे ओठ ओले राहताहेत का ते बघत होती. पाच घरांतली पोरं आजारी होती. सगळी बरी होतील की नाही, ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि तिची सही तर मुळीच नाही.

"नव्या बाटल्या आणशील ना," बिनाता चमच्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पिशवीला मी हात लावणार नाही. पण उघडशील तेव्हा मला हाक मार. ते पीठ आहे का, आपण दोघी बघू."

"मारते."

"जा मग. पोरीजवळ मी आहे."

तेरेतियाने हात पुसले, वही पिशवीत टाकली आणि रस्त्याकडे निघाली. पुढची बस धरून बिकेनिबेऊला जायचं होतं, पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतून सहा नव्या बाटल्या आणायला.