गॅसचं गाऱ्हाणं

माझ्या भावाच्या हळदीच्या दिवशी आमच्या गावदेवापुढे गॅसचं गाऱ्हाणं घातलं गेलं, आणि ते घालायला लावणारी मी.

गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेत आम्ही काही जण नैसर्गिक वायूपासून डिझेल बनवायच्या खटपटीत होतो. मोठी चाचणी पुढे पुढे ढकलली जात नेमकी हळदीच्याच दिवशी आली. भांड्यात काही उतरलं तर काम चालू राहणार, नाहीतर गाशा गुंडाळून मी कायमची गावी, कुंभारवाड्याला परत. रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर, म्हणून सकाळपासून फोन हातात धरून मी देवळाभोवती घुटमळत होते.

गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने मागणं सांगायचा मान थोरल्या काकांचा. लग्नाचं मागणं आटपून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझं काय हाय?"

"गॅसचं तेल होऊ दे म्हणा, काका."

"असं मोघम चालत न्हाई. मोडून सांग. मागं कुणीतरी नुसतं पाणी दे म्हटलं, आन् अख्खं सुपा गाव धरणात गेलं."

मग पाहुण्यांसमोर माझी शिकवणी सुरू झाली. गॅस आधी वाफेबरोबर तापवून मोडायचा, मग कोबाल्ट नावाच्या धातूच्या पुडीवरून सोडायचा. तिथे त्याचे तुकडे एकमेकांना धरतात आणि माळ होते. माळ आखूड राहिली तर गॅसच, लांब झाली तर डिझेल. काकांनी सगळं दोनदा विचारून घेतलं, डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोरीचा गॅस मोडू दे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"मोडून त्याची माळ होऊ दे. माळ तुटू नये, लांबच लांब व्हावी."

"व्हय म्हाराजा."

"कोबाल्टाला बळ दे."

कोबाल्टालाही सगळ्यांनी हात जोडले, हळदीने माखलेल्या नवरदेवानेसुद्धा. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी टेकाडावर पळाले, तोच फोन वाजला. प्रयोगशाळेतली मैत्रीण होती.

"डिझेल नाही गं आलं," ती म्हणाली. "मेण आलंय. पांढरंशुभ्र. नळी तुंबलीय मेणाने."

मेण म्हणजे सगळ्यात लांब माळ. ते तोडून डिझेल करणं फारसं अवघड नसतं, अवघड असते ती माळ. मी टेकाड उतरले की घसरले, आठवत नाही. खाली येऊन जो भेटेल त्याला मिठी मारत सुटले, वाजंत्रीवाल्यालाही. काकांना मेणाचं सांगितलं.

"लांबच लांब म्हटलं, त्ये जरा जास्त झालं," ते गंभीरपणे म्हणाले. "फुडच्या टायमाला माप सांग."

आईने मला बाजूला ओढलं. तिचे हात हळदीचे होते.

"बरं झालं, बाय," ती म्हणाली. "समदी व्हय म्हाराजा म्हणत हुती तवा मी मनात म्हटलं, देवा, गॅस गॅसच ऱ्हाऊ दे, म्हंजे पोरगी घरला येईल." ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. "माझं एकटीचं कुठलं ऐकतोय त्यो."

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण आनंदच इतका झाला होता की तिच्या गळ्यात पडून मी हसतच राहिले.

"हस," ती माझी पाठ थोपटत म्हणाली. "तिकीट कवाचं हाय?"

"परवाचं," मी म्हटलं.