दोन्हीकडचं कमिशन

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. माल उतरवतानाच ते टेम्पोतून खाली पडतात. बोईसरला एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. राऊत साहेब लिलाव करतात, मी कागद आणि बिलं बघते. बंद पडलेल्या कारखान्यातली मशिनं, वारलेल्या माणसाचा टेम्पो, भावाभावांच्या वाटणीत अडकलेलं सामान, सगळं आमच्याकडे येतं.

माझं खरं काम म्हणजे येणाऱ्याला रेट कार्ड समजावणं. विकणाऱ्याकडून दहा टक्के, घेणाऱ्याकडून पाच, वर जीएसटी. वाहतूक वेगळी, गोडाऊनचं भाडं वेगळं, जाहिरात वेगळी, आणि माल विकला गेला नाही तरी एक चार्ज. समोरचा मान हलवतो आणि सही करतो. त्याच्या डोक्यात फक्त बोलीचा आकडा असतो. हातात किती पडणार हे त्याला चेक मिळाल्यावर कळतं, आणि तेव्हा तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ना, ती मला घरी जेवतानासुद्धा दिसते.

* * *

वाणगावचे एक रिटायर्ड फोरमन होते. घराशेजारी शेड घालून लेथ मशीन चालवायचे. डोळ्यांनी दगा दिला म्हणून विकायला काढलं. मी विचारलं, "राखीव किंमत किती ठेवू? म्हणजे याच्याखाली विकायचं नाही असा आकडा."

त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून राऊत साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मशिनाची किंमत नव्हती ती, फोरमनच्या तीस वर्षांची होती. मी समजावलं, भाव आला नाही तर चार्ज तुम्हालाच बसेल. "बसू दे," म्हणाले.

तीन लिलाव झाले, तिन्ही वेळा मशीन परत गोडाऊनला. चौथ्यांदा ते आले तेव्हा आमचं बिल भंगाराच्या भावाच्या वर गेलं होतं. त्यांनी बिल डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलं आणि म्हणाले, "मशीन तुम्हीच ठेवा, मॅडम. मला फक्त सोडवा."

* * *

पाड्यावरून एक बाबा आले होते, पाण्याचं डिझेल इंजिन विकायला. शिकलेले नव्हते, पण रेट कार्डावर प्रश्न विचारणारे ते पहिलेच.

"माजा इंजिन जास्त किमतीला गेला तर तुमाला जास्त भेटल?"

"हो," साहेब म्हणाले.

"मंग तुमी माज्या बाजूचे हाव."

"अगदी बरोबर."

"आनि जो घेल, तो पन तुमाला देल?"

"हो, पाच टक्के."

बाबांनी रेट कार्ड घडी करून साहेबांसमोर ठेवलं. मग म्हणाले, "दोगांच्या बाजूचा मानूस मी आजून नाय बगला." इंजिन उचललं आणि आल्या रिक्षाने घेऊन गेले. साहेब त्या दिवशी माझ्याशी धड बोलले नाहीत.

* * *

एमआयडीसीतला एक कारखाना बंद झाला. त्याच्या कॅन्टीनचं सामान एका लॉटमध्ये होतं. मोठ्या कढया, बाकडी आणि चहाचं मशीन. बोली लावायला त्याच कारखान्याचे सहा कामगार आले. वर्गणी काढून छोटी टपरी टाकणार होते. भंगारवाल्यांनी त्यांना चढवत नेलं, तरी लॉट त्यांनाच मिळाला. त्यांच्यातल्या मोठ्याने रुमालातले पैसे टेबलावर ठेवले. बोलीएवढे होते, एक रुपया वर नाही.

मी सांगितलं, वर पाच टक्के आणि टॅक्स. ते एकमेकांकडे बघू लागले. "मैडम, बोली तो इतने की ही लगी थी."

मी रेट कार्डावर बोट ठेवलं. मला माझीच लाज वाटत होती, पण बोट ठेवलं.

त्या मोठ्याने विचारलं, "ये माल जिस सेठ का है, उस पर हमारी तीन महीने की पगार बाकी है. उसी में से काट लो ना."

असं काही कापता येत नाही, हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगितलं ते मला आता आठवत नाही. लॉट दुसऱ्या नंबरच्या बोलीला गेला.

* * *

राऊत साहेबांचे वडील वारले. पालघरच्या फ्लॅटमधलं सामान विकायचं ठरलं, तर साहेब म्हणाले, "आपल्याच ऑफिसातून काढू. बिल पूर्ण लाव, सवलत नको. बहिणींनी उद्या बोट दाखवायला नको."

मी कपाट, शिलाई मशीन, आरामखुर्ची अशा सगळ्याचं बिल केलं. नियमाप्रमाणे कमिशन, टेम्पो, भाडं, जाहिरात. साहेबांनी चष्मा लावला. बावीस वर्षं ते असली बिलं सहीपुरती बघत आलेत. ते बिल मात्र त्यांनी खालपर्यंत वाचलं.

"मॅडम," ते म्हणाले, "एवढं घेतो आपण?"

* * *

घिवलीची यमुनाबाई आली ती बोट विकायला. नवरा आधीच गेलेला. मुलगा नितेश दोन वर्षांपूर्वी मासेमारीला गेला, बोट दुसऱ्यांनी ओढून आणली, तो काही सापडला नाही. बोटीत अर्धा हिस्सा तिचा, अर्धा दोन दिरांचा. दिरांनी परस्पर ओळखीच्या माणसाशी सौदा ठरवला होता. ही अडून बसली. "इकाची तर सगल्यांच्या समोर."

मी रेट कार्ड सांगितलं. तिने मध्येच थांबवलं. "मी बंदरावर पंचवीस वर्सं मासलीचा लिलाव केला हाय, बाय. पाटीमागं मूठभर बोंबील माजे. पाटी नाय इकली तर मी काय पन घेत नाय. तुमी घेता?"

"घेतो," मी म्हटलं. तिने रेट कार्ड बाजूला सारलं. मग विचारलं, "बोली मी लावली तर?"

"तुमच्याच बोटीवर? मग दोन्हीकडचं कमिशन तुम्हालाच बसेल. विकणाऱ्याचं तुमच्या हिश्शापुरतं, घेणाऱ्याचं पूर्ण." तिने तो हिशेब माझ्याकडून दोनदा करून घेतला.

लिलाव घिवलीला किनाऱ्यावरच झाला. इंजिन काढून लाकूड फोडणारे दोन व्यापारी होते, बाकी बघे. दीर एका बाजूला उभे. व्यापारी एका आकड्यावर थांबले आणि साहेब तिसऱ्यांदा पुकारणार इतक्यात यमुनाबाईने हात वर केला.

लोक हसले. बाईला कळलं नाही असंच सगळ्यांना वाटलं. साहेब स्टुलावरून खाली उतरून तिच्याजवळ गेले. "बाई, बोट तुमचीच आहे."

"अर्दी," ती म्हणाली. हात तसाच वर होता.

व्यापारी पुढे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली, पाटल्या मोडून. दिरांचा हिस्सा, आमचं दोन्हीकडचं कमिशन, टॅक्स, सगळं रुपयापर्यंत बरोबर. साहेबांनी माझ्या हातातून बिल घेतलं आणि हळूच म्हणाले, "कमिशन काढून टाक."

"नको," यमुनाबाई म्हणाली. "उद्या दीर बोलतील, लिलाव खोटा व्हता. काय लागतं ता लाव."

मी पावती लिहायला घेतली. "खरेदीदाराचं नाव यमुनाबाई..."

"माजा नको. नितेश लिव."

मी साहेबांकडे बघितलं. ते कपाटात काहीतरी शोधत होते. मी नाव लिहिलं आणि सवयीने पावती सहीसाठी तिच्यापुढे सरकवली.

तिने ती उचलली, नाव नीट बघितलं, आणि माझ्याकडे परत दिली.

"सई त्याची लागंल ना? तुज्याजवल ठेव. तो आला का करंल."