तोडीचा फळा

मला कुपवाडच्या यंत्रांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात थोरल्या मालकांनी घेतलं. आष्ट्याच्या शाळेत शिकून घरातला पहिला पदवीधर झालेल्या मुलाला त्यांनी ऑफिसात खुर्ची दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही, म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटतो.

त्यांच्या काळात गेटजवळ एक काळा फळा होता. ज्याच्या उसाला तोड आली, तो खडूने आपलं नाव लिहून रानात जायचा. उरलेले त्याचं मशिन सांभाळायचे. ऊसतोड टोळी कामगाराची सवड बघून येत नाही आणि पाळी चुकली की ऊस रानातच वाळतो, हे मालकांना सांगावं लागत नसे.

ते थकले, धाकटे मालक आले. पुण्यात एक शिबिर करून आल्यावर त्यांना कंपनीला ओळख हवी, असं वाटू लागलं. फळा उतरला आणि तिथे चकचकीत फ्लेक्स लागला: ‘आपण एक कुटुंब’. खालच्या पाच ओळी माझ्या. बी.ए.ला मराठी घेतल्याचं पहिल्यांदाच चीज झालं. रोज सकाळी सगळे एका रंगाचे टी-शर्ट घालून त्या ओळी म्हणू लागले.

त्याच सुमारास समोरच्या कारखान्याने आमच्या टर्नरमामांना बोलावलं. जुनं लेथ त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. त्यांना थांबवायलाच हवं, यावर बैठक झाली आणि निष्ठा पुरस्कार द्यायचं ठरलं. मानपत्र अर्थात मी लिहिलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी मामांच्या उसाला तोड आली. ते रजा मागायला आले, तर धाकटे मालक म्हणाले, घरचं कार्य टाकून कुणी जातं का? नकाराचं पत्र मीच टाईप केलं. मानपत्राचाच कागद वापरल्यामुळे त्याच्याही माथ्यावर ‘आपण एक कुटुंब’ छापून आलं.

मामा रानात गेले. मी रिकाम्या खुर्चीसमोर मानपत्र वाचलं. शाल खुर्चीला घातली, फोटोही निघाला.

तीन दिवसांनी मामांनी घडी केलेला टी-शर्ट माझ्या टेबलावर ठेवला. समोरच्या कारखान्यात तरी तोडीला सोडतील का, असं मी विचारलं.

“तितं कुटुंब न्हाई. रजेचा अर्ज हाय,” ते म्हणाले. मग जाताजाता थांबले. “तू लय चांगलं लिवलंयस रं. फकस्त खाली जरा जागा सोडायची, तोड लिवायला.”

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खडू घेऊन गेटवर गेलो. फ्लेक्सवर खडू उमटत नाही.