शाहपुऱ्याच्या गच्चीवरून घेतलेलं नाव

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. भोपाळला टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मी एका बाईला माझ्याच दारात अडवून धरलं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कॉलनीत महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या बायका आणि मी त्यांची स्वयंघोषित महाराणी. थंडीत जवाहर चौकात स्वेटर विकायला बसणाऱ्या डोल्मा नावाच्या तिबेटी बाईलाही मी ओढून आणलं. नवा चेहरा दाखवून भाव खायचा होता, दुसरं काय! वाण दिलं, तिळगूळ दिला, आणि ती निघाली तशी दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले. "उखाणा! नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय सोडायची नाही!" बायका खिदळल्या. ती पुटपुटली, "मेरे को नहीं आता." मी म्हटलं, "नवऱ्याचं नाव येत नाही? हे बरंय!" तशी ती वाकली, माझ्या हाताखालून बाहेर पडली आणि चालायला लागली. तिळगूळ उंबऱ्यावर सांडला. आणि मी शहाणी सगळ्यांना सांगतेय काय, तर "लाजली हो!"

त्यानंतर तिने चौकातली जागाच बदलली. मला वाटलं, माझ्या घासाघिशीला कंटाळली.

या डिसेंबरात वत्सलाचा फोन आला. ही माझी तेव्हाची शेजारीण, माहेर ग्वाल्हेर, आता शाहपुऱ्यात राहते. "अगं, तुझी स्वेटरवाली भेटली! तिबेटी बाजारात, नातीच्या दुकानावर बसली होती. आणि ऐक, तिच्या नवऱ्याला चिनी फौजेने मारलं होतं गं. तिकडेच, गावात. आपण तिला नाव घ्यायला लावत होतो."

'आपण' म्हणाली हा तिचा चांगुलपणा. इकडे पुण्यात माझी फोडणी जळाली.

मुलगा म्हणाला, "आई, माफी फोनवरही मागता येते." मी म्हटलं, "फोनवर पाया पडता येत नाही." संक्रांतीच्या तीन दिवस आधी तिळगुळाचा डबा घेऊन गाडीत बसले.

भोपाळला सकाळी उतरले तेव्हा धुक्यात हमालाचा फक्त लाल डगला दिसत होता. वत्सला फलाटावर हजर. "या महाराणी! गुडघे तर पार खलास झाले की तुझे!" घरी जाण्याआधी तिने पोहे-जिलबी खायला घातली. पोह्यांवर जीरावन (आंबटतिखट मसाला) भुरभुरलेलं. पहिल्याच घासाला ठसका लागला, तरी मी दुसरी प्लेट मागवली. मग रिक्षा टी. टी. नगरावरून घेतली. आमची क्वार्टरं पाडून टाकली आहेत, तिथे उंच इमारती उभ्या राहताहेत. जिथे हात पसरून मी ऐटीत उभी होते, ती चौकट शोधायला गेले आणि पत्र्याच्या कुंपणावर नाक आपटून परत आले.

दुपारी डोल्माकडे गेलो. बाजाराच्या हंगामापुरती तिने आणि नातीने शाहपुरा तलावाजवळ तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. तीन मजले चढताना पाया पडायचा सराव वाटेतच झाला. भिंतीला स्वेटरांचे गठ्ठे, खिडकीशी डोल्मा. पंच्याऐंशीची, सुरकुतलेली, पण पाठ ताठ. तिने मला लगेच ओळखलं. चेहरा मात्र हलला नाही.

नातीचं नाव त्सेरिंग. तिने पो चा (लोण्याचा तिबेटी चहा) दिला. मी घोट घेतला आणि न राहवून ओरडले, "अगं, साखरेऐवजी मीठ पडलंय!" त्सेरिंग खो खो हसली. "आंटी, तो खारटच असतो." माफी मागायला आलेली बाई आधी चहाला नावं ठेवते, असा माझा प्रवेश.

आमचं बोलणं सगळं हिंदीत झालं, मी मराठीत लिहितेय. पाया पडले तेव्हा डोल्माने पाय मागे घेतले. मग त्सेरिंगच सांगू लागली.

चिनी सैन्य गावात शिरलं तेव्हा आधी त्यांनी धान्य नेलं. मठात घोडे बांधले. लोक झाडांच्या साली उकडून खाऊ लागले. डोल्माचा नवरा एवढंच म्हणाला, "ही पोती पेरणीची आहेत, ही ठेवा." सगळ्या गावाला मैदानात गोळा करून त्याला गोळी घातली. वर हुकूम सुटला, रडायचं नाही, नाव काढायचं नाही. त्याची मावशी रात्रीची नाव घेऊन रडली, तिला नेलं, ती परत आली नाही. डोल्मा पोटुशी होती. डोंगर ओलांडून आली, हिमाचलात रस्त्यावर खडी फोडली. मागे राहिलेल्या सासरच्यांना त्रास होईल म्हणून इथल्या कागदांवर तिने नवऱ्याचं खोटं नाव लिहिलं. मुलालाही खरं सांगितलं नाही.

"आम्ही काही जण गावोगावच्या मारलेल्यांची यादी करतोय," त्सेरिंगने वही उघडली. "तिकडचं सरकार म्हणतं, कुणी मेलंच नाही. आमच्या गावची सतरा नावं मिळाली. आजोबांच्या जागी बघा." तिथे लिहिलं होतं, 'डोल्माचा नवरा'. "गावचं आता दुसरं कुणी उरलं नाही. आजीबरोबर नाव गेलं की संपलं. मी विचारून थकले."

डोल्मा खिडकीबाहेर तळ्याकडे पाहत होती. मला कळत होतं, ही सगळ्या जगाचं ऐकेल, पण हिला नाव घे म्हणायचा हक्क सगळ्यात शेवटी माझा.

म्हणून तिला म्हटलंच नाही. माझा नवरा श्रीधर जाऊन चार वर्षं झाली. आमच्याकडे विधवेला उखाणा घ्यायला कुणी सांगत नाही. हळदीकुंकवाला बोलावलंच तर कोपऱ्यातली खुर्ची देतात, पंख्याखाली. मी तिळगुळाचा डबा उघडला, खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि पदर खोचला.

"दात गेले, केस गेले, गुडघे गेले संपावर,
श्रीधररावांचं नाव मात्र अजून माझ्या जिभेवर!"

वत्सला 'वा!' म्हणाली आणि लगेच डोळे पुसू लागली. मी डोल्माला हिंदीत अर्थ सांगितला. "माझा नवरा. मेलाय. घोरायचा. चार वर्षांत त्याचं नाव घे असं मला कुणी म्हणालं नाही, म्हणून आज आपणहून घेतलं."

डोल्माने तिळगूळ उचलला, तोंडात टाकला, सावकाश चावला. मग म्हणाली,

"ताशी नोर्बू."

त्सेरिंगची पेन्सिल हातातच राहिली. "परत सांग, आजी."

"ताशी नोर्बू! घोड्यांना नाल ठोकायचा. तोही घोरायचा." आणि ती उठलीच. मी तीन मजल्यांना रडत होते, ही काठी टेकत चौथा चढून गच्चीवर. आम्ही मागोमाग. समोर तळं उन्हात चमकत होतं, काठाने लोक फिरत होते. कठडा धरून ती ओरडली, "ताशी नोर्बू!" मी ओरडले. वत्सला ओरडली. त्सेरिंग तर नाचायलाच लागली. खालून एक फिरायला आलेले गृहस्थ मान वर करून विचारतात, "किसको बुला रही हो, अम्मा?"

"अपने आदमी को!" डोल्मा म्हणाली, आणि इतकी हसली की कवळी सावरावी लागली.

वहीत अठरावं नाव लिहिलं गेलं. पेन्सिल बाजूला ठेवून, शाईने.

परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. बंदुका घेऊन आलेल्या फौजेने गप्प केलेलं एक नाव पासष्ट हिवाळे जिवंत होतं, भोपाळच्या बाजारात लोकरीच्या गठ्ठ्यांशेजारी बसलं होतं, आणि मी त्याच्याशी स्वेटरांच्या भावावरून भांडत होते. स्वतःला खूप शिव्या दिल्या. पण खरं सांगू, इटारसी गेल्यावर शिव्या संपल्या आणि मी एकटीच हसत बसले.

पुण्यात पोचून बॅग उघडतेय तोच त्सेरिंगचा फोन. म्हणाली, आजीला बोलायचंय. डोल्मा जे बोलली ते तिच्याच शब्दांत देते:

"अगले संक्रांत को फिर आना. हल्दीकुंकू मैं रखूँगी. दरवाज़े में इस बार मैं खड़ी रहूँगी. और नाम लिए बिना किसी बाई को जाने नहीं दूँगी."