मामांनी न पाहिलेलं स्टेशन

मामा गेल्याचा निरोप अमरावतीला होस्टेलच्या फोनवर आला, तेव्हा मनात पहिलं काय आलं ते लिहायला संकोच वाटतो. मला त्यांचा राग आला. या माणसाने अचलपूरचं स्टेशन शेवटी पाहिलंच नाही...

मामा अकोटला फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. लहानपणी एकदाच, आईच्या मांडीवर बसून, ते अचलपूरच्या छोट्या गाडीतून गेले होते. इंग्रजांच्या काळातलं ते स्टेशन पुन्हा नीट पाहायचं, असं दर दिवाळीला म्हणायचे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वाटलं, आपण निदान एवढं तरी करावं. मामांचं छातीचं दुखणं सुरू झाल्यावर मी हट्टाने त्यांना घेऊन निघाले.

"गाडीत बसाचं नाई, तं स्टेशनावर कायले चाल्ले?" मामीने विचारलं.

"पाह्याले," मामा म्हणाले आणि चक्क लाजले.

पण मामा अचलपूरला निघाल्याची बातमी गल्लीत फुटली. एसटीत बसलो तेव्हा आमच्याकडे पाच पिशव्या होत्या. कुणाच्या लेकीला बाळंतविडा, कुणाच्या बहिणीला मुगवड्या, शेजारच्या रहीमचाचांनी साडूसाठी शिवलेले कुडते... मामांना नाही म्हणता येत नसे. "दारातूनच द्या मामा," अचलपुरात मी प्रत्येक घरापुढे सांगत होते. ते आत जाऊन बसत, चहा घेत. मुगवड्यांच्या घरी तर हद्द झाली. त्या बहिणीचा नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता, कुणाशी बोलेना. त्या वर्षी कापूस हातचा गेला होता आणि गावोगावच्या बातम्या वाईट होत्या. मामांनी कोपऱ्यातला पंप ओढला, खोलला आणि "जरा हे धरता काय, जवाईबुवा" करत त्याला दीड तास कामाला लावलं. शेवटी तो माणूस म्हणाला, "वायसर उलटं लावून राह्यले तुमी." तेव्हा कुठे मामा उठले.

बाहेर येऊन मी भांडलेच. "पंप आजच सुधरवायचा होता?"

"पंप चांगलाच होता वं. रिकाम्या हातानं 'कसे आहा' इचारलं, तं लोकं दारातूनच 'बरं हाय' म्हनतात. पिशवी असली का आत जाता येते."

स्टेशनवर पोचलो तेव्हा शेवटच्या एसटीला थोडीच मिनिटं उरली होती. मी म्हणत होते, पाहा, पाहा! मामा चहावाल्याशी बोलत होते. "अकोटचे काय? मंग माह्या सासऱ्याले एवढी संत्री पोचवा न," तो म्हणाला. होती ती मिनिटं संत्री बांधण्यात गेली. परतताना मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

तेरावं झालं आणि मी निघाले, तर दारात रहीमचाचा उभे. "अमरावतीले चालली न बेटी? माही भाची बडनेऱ्याले असते. फोन केला का नुसतं 'ठीक है' म्हनते." हातात पिशवी होती. माझी परीक्षा तोंडावर, बडनेरा शहराच्या दुसऱ्या टोकाला. नाही म्हणणारच होते...

पिशवी आता माझ्या खाटेखाली आहे. मामांवरचा राग गेलेला नाही. रविवारी सकाळीच निघेन म्हणते, म्हणजे बसायला वेळ राहील.