पहिला तास खेळाचा

गोंदियातल्या त्या भल्यामोठ्या सरकारी शाळेत मुलं उदंड, वर्ग अपुरे, मैदान एकच. वेळापत्रक लावायचं काम गणिताच्या ओमेश्वरी पटलेबाईंकडे होतं आणि बाई कोणाच्या बापाला भिणाऱ्या नव्हत्या. यंदा त्यांनी दहावीचा पहिला तास खेळाला दिला आणि गणित दुपारी नेलं.

मुख्याध्यापक तणतणले, "सकाळचं ताजं डोकं सोडून गणित दुपारी काऊन?"

"देवरीकडून येणारी बस रोज पहिला तास बुडवते, सर. बुडाला तं खेळ बुडू द्या."

"आजवर कोणी तक्रार केली नाही."

"मी त्याच बसनं शाळेत येत होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "गणितात नापास झाली, तं अख्ख्या गावानं मले ढ ठरवलं. बसचं नाव कोणीच घेतलं नाही."