खांदशेकणी

आधी माझ्या उजव्या हाताबद्दल सांगायला हवं. या हातानं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पोरं बडवली. मानोऱ्याच्या आसपासच्या गावांतून, तांड्यांवरून बाप लोक पोराला धरून आणायचे आणि दारातच सांगायचे, "मास्तर, चामडी तुमची, हाडं आमची." मी करार पाळला. हाड कुणाचं मोडलं नाही, चामडीचं मात्र विचारू नका. शाळा सुटली की हाच हात शेतात चालायचा आणि दिवेलागणीला घरात. याची लाज वाटायला मला सहासष्ट वर्षं लागली, आणि तीही अंगावर लोखंड पडल्यावर.

गेल्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी सकाळीच मी मोटरसायकलला किक मारली आणि एकटा पुण्याकडे निघालो. शेजारी गोठ्यातून ओरडला, "मास्तर, येड लागलं का? ट्रॅव्हल्सनं जा ना! झोपून जासान, सकाळी पुनं!"

"मले झोपाले नाई जायचं," मी म्हणालो.

खरं कारण त्याला सांगून उपयोग नव्हता. मला मुलाकडे जायचं होतं आणि ही मोटरसायकलच घेऊन जायचं होतं. तिच्या टाकीला डाव्या अंगाला वाटीएवढा पोचा आहे. चौदा वर्षांत मी तो काढून घेतला नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटतो. त्यावर कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानानं चोळायची आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर मारलं, टोचलं, आयमाय काढली, त्याची ती माफी. दुसऱ्या दिवशी पोळा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत आणि अंगाला काठी लावत नाहीत. कितीही तापट माणूस असो, हे पाळतो. मीही पाळायचो.

त्या प्रवासाच्या चौदा वर्षं आधी पोळ्याच्याच दिवशी मुलगा बैलांचा साज आणायला मानोऱ्याला गेला. वय वीस. मोटरसायकल नवी कोरी, मला न विचारता नेलेली. इकडे गावातले सगळे बैल तोरणाखाली येऊन उभे राहिले आणि आमचे बिनसाजाचे, म्हणून मी धुमसत होतो. तो आला तेव्हा गाडी चिखलात घसरून टाकी चेपलेली होती. त्याच्या कोपरातून रक्त गळत होतं. बेगड आणि घुंगरू त्यानं छातीशी धरले होते आणि खांद्यावर नवा कासरा होता. कोपराचं मी विचारलंच नाही. आधी टाकी पाहिली.

मग तोच कासरा ओढून घेतला, दुहेरी केला आणि त्याला झोडपायला लागलो. पाठीवर, खांद्यांवर, पडला तेव्हा पिंढऱ्यांवर. बैल बुजून मागे सरकले. डफडी थांबली. सगळं गाव बघत होतं. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला नि म्हणाला, "मास्तर, आज तं बैलालेबी मारत नाई."

"थो बैल नाई," मी म्हणालो, "माहा पोरगा हाये." आणि पुन्हा मारलं. हे वाक्य मी ताठ मानेनं म्हणालो होतो, याचीच मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

चौथ्या दिवशी मुलगा घर सोडून गेला. आईला रोज फोन करायचा. मी उचलला तर ठेवून द्यायचा. मी निघालो त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ती गेली. तो आला, डोकं भादरलं, अग्नी दिला, सगळं रीतसर केलं आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता परत गेला. ती होती तोवर निदान तिच्या तोंडून त्याची खबर कळायची, पुण्यात कारखान्यात लागल्याची, लग्न झाल्याची. आता घरात फोन वाजतच नाही. मी मेलो तर गावातलं कुणीतरी त्याला कळवेल आणि तो पुन्हा रीतसर येईल, एवढंच उरलं होतं. ते मला नको होतं. जिवंतपणी एकदा त्यानं माझ्याशी बोलावं, शिवी का देईना, एवढ्यासाठी मी निघालो होतो.

बैल मी केव्हाच विकले. ट्रॅक्टरचा खांदा कोण शेकतो? त्या वर्षी आमच्या गोठ्यात चोळायला एकही खांदा उरला नव्हता. तरी निघताना बायकोच्या कापडी पिशवीत हळदीची पुडी, स्टीलच्या डबीत तूप आणि पळसाची पाच पानं टाकली. त्याचं नेमकं काय करणार हे मला माहीत नव्हतं. तिच्या वहीतून मुलाचा पत्ता मात्र नीट उतरून घेतला. हेल्मेटच्या आत एका वाक्याचा सराव चालू ठेवला, "चुकलं माह्यं." मंगरूळपीर आलं तरी ते दरडावल्यासारखंच निघत होतं.

समृद्धीवर दुचाकीला बंदी, म्हणून जुन्याच रस्त्यानं मालेगाव मागे टाकलं. केनवड यायच्या थोडं अलीकडे मागून एक काळीपिवळी जीप आली, माणसं दाराबाहेर लोंबकळणारी. तिनं मला असं दाबलं की गाडी साइडपट्टीच्या चिखलात उतरली आणि मी हँडलसकट आडवा झालो. गुडघा फुटला. जीपवाला खिडकीतून हसून गेला. ते हसणं नसतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. कदाचित.

गाडी उचलली, केनवडच्या फाट्यावर त्याला गाठलं, जीपसमोर आडवी लावली. दार उघडून कॉलर धरली, खाली ओढला आणि दोन ठेवून दिल्या, शाळेतल्यासारख्या, गालावर पाच बोटं उमटतील अशा. चुकलं माह्यं म्हणायला निघालेला माणूस मी! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ तो हाच. पोरगा तिशीतला असेल. क्षणभर गाल धरून उभा राहिला. मग सीटखाली हात घातला आणि टॉमी काढली, चाक खोलायची ती लोखंडी कांब.

पहिला फटका मी चुकवला, तो आरशावर बसला. दुसरा बरोबर उजव्या खांद्यावर आला. कट्कन आवाज झाला. मी चिखलात बसलो, तोंडात रक्त आलं, जीभ चावली गेली होती. त्यानं तिसऱ्यांदा टॉमी उगारली. फाट्यावरची माणसं गोल करून उभी राहिली आणि एकानंही हात पुढे केला नाही. तेव्हा मला आमचं तोरण आठवलं. तिथंही गाव असंच उभं होतं.

जीपमधून एक बाई किंचाळली, "मारू नको रे! कोनाचा तरी बाप असन थो!"

"बाप हाये तं बापावानी राहा म्हना!" जीपवाला ओरडला. कांब आत फेकली, माझ्या गाडीला लाथ घालून ती बाजूला पाडली आणि गेला.

लोक म्हणाले पोलिसांत जा. काय सांगणार होतो, पहिला हात माझाच होता म्हणून? एकानं पाणी दिलं. खांदा निखळला नव्हता, पण दंडापर्यंत काळानिळा होऊन फुगला. मागे फिरायचं मनात आलं. पण त्या पोरानं फेकलेलं वाक्य कानातून जाईना. पंधरा मिनिटं बसलो, गाडी उचलायला दोघांची मदत घेतली आणि पुढे निघालो. मेहकरपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्याला दिलेल्या त्या दोन थपडांबद्दल मला आजही पस्तावा नाही, खोटं कशाला बोलू.

जालन्याला मुक्काम केला. सकाळी हॉटेलवाल्यानं गढूळ चहा दिला, वर उर्मटपणे बोलला. सवयीनं माझा हात उठला, छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो माणूस मात्र दोन पावलं मागे सरकला होता आणि त्यानं कोपर तोंडावर घेतलं होतं. माझा मुलगा चिखलात असाच पडला होता, तसंच कोपर, रक्ताळलेलं. मी गुपचूप तो गढूळ चहा संपवला.

पुण्याला पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. मुलगा कारखान्यातून नुकताच आला असावा, इमारतीखालीच उभा होता. त्यानं मला पाहिलं, मग गाडी पाहिली. जवळ येऊन टाकीवरच्या पोच्यावरून तळवा फिरवला.

"पोचा काढला नाई?" चौदा वर्षांनंतर त्याचं हे पहिलं वाक्य.

"नाई."

"काहून?"

"तुह्यावर राग धराले," मी म्हणालो. खरं तेच होतं.

माझा हात लोंबताना पाहून त्यानं पिशवी घेतली आणि वर घेऊन गेला. सुनेनं शर्ट काढायला मदत केली. खांदा पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. मुलानं पिशवी उघडली. डबी, पुडी, सुकलेली पानं, सगळं त्यानं ओट्यावर मांडलं.

"बैलं तं इकले ना तुमी?"

"हो."

त्यानं तूप गॅसवर कोमट केलं, हळद कालवली आणि माझ्या मागे येऊन बसला. पान खांद्यावर टेकवलं आणि चोळायला लागला. हळू नाही, जोर लावून. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखून राह्यलं?"

"हो."

"दुखू द्या. दर सालाले बैलाची माफी मागे तुमी. मी पाहत राहो दारातून. त्या पोळ्यानंतर चार दिवस वाट पाह्यली म्या. माही काहून नाई मागितली?"

वाटेत घोटलेलं वाक्य निघालं, आणि पहिल्यांदाच दरडावल्यासारखं निघालं नाही. "चुकलं माह्यं. लई चुकलं."

त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, आधीइतक्याच जोरात. सगळं तूप संपेपर्यंत तो चोळत राहिला. उठला, मोरीत हात धुतले आणि पाठमोराच म्हणाला, "उद्या पोळा हाये. जेवल्याबिगर जाऊ नका."

आवतनाला बैल काही उत्तर देत नाही. मीही नुसती मान हलवली.